एकलहऱ्याची त्रेपन्न कार्डं

नाशकात रेडिओचं केंद्र काढायचं धोंडीरामशेठच्या डोक्यात आलं, तेव्हा त्याच्या दुकानात विजेचे दिवे होते, पंखे होते आणि कुणी न घेतलेले अकरा रेडिओ होते. लोक यायचे, रेडिओच्या गुळगुळीत लाकडावरून हात फिरवायचे आणि विचारायचे, "यात ऐकायचं काय?" मुंबई लागायची, पण कधी खरखरायची, कधी मधेच गप्प व्हायची, आणि नीट लागली की नेमकी इंग्रजीत बोलायची. शेठने परवान्यासाठी दीड वर्ष सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि सन छत्तीसच्या संक्रांतीला, दहीपुलाजवळच्या आपल्या दुकानाच्या माडीवर, भिंतींना गोधड्या ठोकून नाशिकचं स्वतःचं केंद्र सुरू केलं. आसपासच्या पाच खेड्यांच्या चावड्यांतही त्याने बॅटरीवर चालणारं एकेक यंत्र आणि वर कर्णा बसवून दिला. कलेक्टरसाहेबाला दाखवायला तेवढं बरं पडतं.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. या केंद्रावर काही काही नवं तर नऊ दिवसही टिकलं नाही. आधी पहाटेचं भजन सुरू झालं. आता नाशकासारख्या क्षेत्राच्या गावी भजनासाठी रेडिओ घेणारा वेडा कुठे सापडायचा? पंचवटीत ते दर दहा पावलांवर फुकट. मग नाटकातली पदं आली. गाणारे बुवा दुसऱ्या आठवड्यात घसा बसला म्हणून जे गेले ते गेलेच. मग बाजारभाव आले, कांद्याचे, गुळाचे, द्राक्षांचे. ते लोक कान देऊन ऐकत, आणि म्हणूनच बंद पडले. तिसऱ्याच दिवशी आडतवाले एकजुटीने दुकानावर चालून आले: शेतकऱ्यालाच आधी भाव कळायला लागला तर आम्ही काय टाळ कुटायचे? त्यानंतर एक डॉक्टर आरोग्यावर बोलू लागले, आणि त्यांनी ऐन जेवणाच्या वेळी हगवणीचे प्रकार सांगितले. दर खेपेला शेठ दुकानाबाहेरची पाटी पुसायचा आणि नवी रंगवून घ्यायचा. रंगारी त्याच्या घरचाच झाला होता.

या धरसोडीत निजामचा नंबर लागला.

निजाम पन्नाशीचा, अंगाने काटकुळा. सिनेमा मुका होता त्या दिवसांत तंबूमध्ये पडद्याच्या कडेला अंधारात उभं राहून तो गोष्ट सांगायचा. पडद्यावर पाट्या यायच्या, पण तंबूत बसलेल्यांपैकी त्या वाचणार कोण? निजाम वाचायचा, आणि नुसता वाचायचा नाही. तोच राजा, तोच राणी, तोच घोडा आणि तोच पाऊस. बायका पदर डोळ्यांना लावून बाहेर पडायच्या आणि दारात उभा असलेला निजाम त्यांना ओळखूही यायचा नाही. मग बोलपट आले. एका शुक्रवारी मॅनेजरने सांगितलं की आता पडदाच बोलतो, तुमचं काम नाही. तेव्हापासून चार वर्षं निजाम भद्रकालीतल्या एका तपकिरीच्या कारखान्यात तंबाखू कुटत होता. तिथे धुरळा नाकातोंडात जाऊ नये म्हणून सकाळी तोंडाला फडकं बांधतात आणि संध्याकाळी सोडतात. तंबूभर माणसं रडवणाऱ्याचं तोंड दिवसभर बांधलेलं; दैवालाही थट्टा करायला माणूस बरोबर सापडतो. घरी येऊनही तो फारसा बोलत नसे. बायको जहिदा वैतागून म्हणायची, "आवाज जपून ठेवलाय तो कशासाठी? कबरीत न्यायचाय?"

शेठने लहानपणी निजामला तंबूत ऐकलं होतं. त्याने बोलावणं पाठवलं आणि पाटीवर अक्षरं आली: 'ऐकायचा सिनेमा, दर गुरुवारी सायंकाळी सहा वाजता'.

पहिल्या गुरुवारी निजाम करवंट्यांची एक जोडी आणि पत्र्याचा तुकडा पिशवीत घालून माडी चढला. करवंट्या आपटल्या की घोडा धावतो आणि पत्रा हलवला की ढग गडगडतात. गोष्ट त्याने स्वतःच बेतली होती, राणी मेघवतीची. दिराने राज्य बळकावलेलं, राणी तान्ह्या लेकराला टोपलीत घालून रानोमाळ पळते, मागे घोडेस्वार. डोळे मिटून त्या गोधड्यांच्या खोलीत तो अर्धा तास बोलला. बोलून झाल्यावर त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. चार वर्षांत आपण मेलो होतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. घरी गेल्यावर तो जहिदाशी जेवताना बोलला, जेवण झाल्यावर बोलला आणि भांडी घासायला ती बसली तरी शेजारी उकिडवा बसून बोलतच राहिला.

पण ऐकतं कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. तंबूत माणसांचे श्वास कळायचे. इथे समोर मायक्रोफोनची लोखंडी जाळी. ते कळलं पुंजाकडून.

पुंजा एकलहऱ्याचा. तिथल्या चावडीतल्या यंत्राची किल्ली त्याच्याकडे होती. दर सोमवारी उतरलेली बॅटरी सायकलला बांधून तो नाशकात आणायचा आणि भरलेली घेऊन जायचा. चार इयत्ता शिकलेला हा चाळिशीचा गडी म्हणजे एकलहऱ्यातला लिहिता येणारा तेवढा एकटा. शाळामास्तराची बदली होऊन वर्ष झालं तरी नवा मास्तर आला नव्हता. निजाम कारखान्याच्या दुपारच्या सुट्टीत दुकानावर यायचा, तेव्हा दोघांची गाठ पडायची.

"निजामभाई, गुरुवारी आमच्याकडं दिस असतानाच भाकरी व्हत्यात," पुंजा सांगायचा. "समदं गाव चावडीत. म्हाताऱ्या सुद्दा. मागल्या येळंला तुमच्या मेघवतीला इच्चू चावला ना, तर आमची कुसाबाई कांदा चिरून घिऊन आली. म्हनं, लावा तिला."

"यंत्राला?"

"मंग कुनाला? लय हसलो आम्ही. पन ती काय हसली नाय."

निजाम ते जहिदाला तीन वेळा सांगून चुकला. तिसऱ्या वेळी जहिदाच त्याच्याआधी बोलून गेली, "आणि ती काय हसली नाही." आणि दोघंही हसली.

हे सुख पुरते सात गुरुवार टिकलं. शहरातल्या ज्या थोड्याफार घरांनी रेडिओ घेतले होते ती घरं संध्याकाळी कळ फिरवून मुंबई लावत. मुंबई आता मराठीतही गाऊ लागली होती, आणि मुंबईपुढे आपलं नाशिक म्हणजे वरातीपुढे पिपाणी. शेठचा धीर सुटला. वैशाखाच्या सुरुवातीला त्याने स्वतः बोलून जाहीर केलं की श्रोत्यांनी आपल्या आवडीचा कार्यक्रम पोस्टकार्डाने कळवावा. महिनाअखेर ज्याची कार्डं जास्त, तो राहील. बाकी सगळे बंद, आणि त्या वेळात ग्रामोफोनच्या रेकॉर्डी लागतील.

"तुमच्यासाठी मला वाईट वाटेल, निजामभाई," खाली उतरल्यावर शेठ म्हणाला, "पण मी तरी किती दिवस अंदाजाने पाट्या रंगवू? मला लोकांचा कौल पाहिजे."

पंधरा दिवसांत रेकॉर्डींच्या बाजूने एकतीस कार्डं आली. 'ऐकायच्या सिनेमा'ची चार. त्यातलं एक जहिदाने शेजारच्या वकिलाच्या कारकुनाकडून लिहवून घेतलेलं होतं, हे निजामला माहीत होतं आणि त्याने तसं दाखवलं नाही.

सुट्टीच्या दिवशी तो टांग्याने नाशिकरोडपर्यंत आणि पुढे पायी एकलहऱ्याला गेला. पुंजाने त्याला चावडीच्या ओट्यावर बसवलं आणि बघता बघता गाव जमलं. माणसांनी त्याला गूळपाणी दिलं, पोराबाळांच्या तब्येतीची विचारपूस केली, मेघवती नदी उतरून जाणार का म्हणून विचारलं. तो सांगेना तेव्हा रागावलीही. साठीची कुसाबाई, डोक्यावर ठिगळाचा पदर, अगदी पुढे येऊन बसली होती. निजामने हात जोडून मागणं मांडलं: प्रत्येकाने एक कार्ड टाका, नाहीतर गोष्ट बंद पडेल.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"आवो भाऊ, कार्ड का?" कुसाबाई अखेर म्हणाली. "आमच्यात कार्ड कुनी मेल्यावर टाकत्यात. घरात कार्ड आलं की आदी रडाया बसायचं आन मंग वाचाया न्यायचं. आता जित्या मान्साला कार्ड टाकायचं म्हंजी त्याच्या वाईटावर आल्यागत नाय का व्हनार?"

"नाही टाकलंत तर मात्र मी मेलोच समजा," निजाम म्हणाला. तो हे गमतीने म्हणाला नव्हता आणि म्हातारीला ते कळलं. ती उठली, पुंजाकडे वळली आणि म्हणाली, "लिव रे माझं पयलं."

तिचं बघून सगळी तयार झाली. निघताना निजामने पुन्हा पुन्हा बजावलं: सगळ्यांचं मिळून एक नको, ज्याचं त्याचं वेगळं. ते लिहिणार कोण, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाही नाही. शिवायला हवा होता. पण त्याचा तरी काय दोष? तंबूत त्याने उभा जन्म तेच केलं होतं, एकाने वाचायचं आणि शंभरांनी ऐकायचं. तेव्हा शंभरांनी सांगायचं आणि एकाने लिहायचं, यात त्याला वावगं काय दिसणार?

पुंजा चार दिवस चावडीत पथारी टाकून बसला. जांभळ्या पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करायचं आणि लिहायचं. एकीने लिहवलं की लेकराच्या टोपलीवर फडकं घाला, ऊन लागतं. एकाने लिहवलं की घोडेस्वारांत तो जो लंगडा आहे तो मनाने वाईट नाही, त्याला मारू नका. एका म्हाताऱ्याने कार्यक्रमाविषयी अक्षरही न बोलता आपला बैल कसा मेला ते सांगितलं, आणि पुंजाने तेही उतरवलं. खाली प्रत्येकाचा काजळाचा अंगठा. सगळी मिळून त्रेपन्न कार्डं झाली आणि एकाच दिवशी एकाच पेटीत पडली.

महिना संपला त्या दिवशी शेठने निजामला बोलावलं. कार्डं दुकानाच्या फळीवर मांडलेली होती, एका बाजूला रेकॉर्डींची, दुसऱ्या बाजूला एकलहऱ्याची. ढीग केवढा ते निजामने लांबूनच पाहिलं आणि त्याच्या पायांत बळ आलं.

"त्रेपन्न!" तो म्हणाला.

"अक्षर बघा," शेठ म्हणाला.

निजामने पाहिलं. एकच बोजड अक्षर, एकच जांभळा रंग, प्रत्येक ओळ शेवटी खाली घसरत गेलेली. सुरुवातही सगळीकडे तीच: 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष'.

"शेठ, खेड्यात दुसऱ्याकडून लिहवूनच घेतात. अंगठे बघा ना, अंगठे वेगळे आहेत."

"काळा डाग आहे नुसता. माझ्या दोन्ही हातांचे दहा उठवले तर दहा वेगळे दिसतील." शेठचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "निजामभाई, अख्ख्या गावात लिहिणारा एकच?"

"एकच."

"आणि तो दर सोमवारी इथे येतो, तुमच्याशी तासभर बोलत बसतो. पटतं का तुम्हाला तरी?"

निजामने सांगितलं की पुंजाला विचारा, तो खोटं बोलायचा नाही. सोमवार दोन दिवसांवर होता. शेठ थांबला, एवढा न्याय त्याने केला हे म्हणायलाच हवं. निजामने कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा मागून घेतली आणि सकाळपासून दुकानाच्या पायरीवर ठाण मांडलं. पुंजा आला, सायकल भिंतीला लावली, बॅटरी उतरवली. फळीवर कार्डं दिसताच त्याचा चेहरा उजळला.

"पोचली का समदी?"

"ही कुणी लिहिली, पुंजा?" शेठने विचारलं.

"म्याच की!" पुंजा छाती फुगवून म्हणाला. "चार दिस बसलो व्हतो. येक सुद्दा खाडाखोड नाय, बगा तुमी."

"सगळी तू?"

"समदी. आन जे बाहीर कामाला गेलते, त्यांची बी सोडली नाय. धाबारा जन व्हते. त्यांची मी माझ्या मनानं लिवली. त्यांना काय म्हनायचं ते मला ठाव हाय ना, शेठ. लहानपनापासून संगं वाढलोय."

"आणि त्यांचे अंगठे?"

"त्ये बी म्याच दिले. घरचंच काम, त्यात काय?"

निजामने डोळे मिटले. पुंजा हसऱ्या तोंडाने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. आपण काय केलं ते त्याला कळलं नाही, आणि निजामने ते त्याला पुढेही कधी सांगितलं नाही. ज्याने चार दिवस राबून गावाचा जीव कागदावर उतरवला, त्याला 'तूच मला बुडवलंस' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

शेठने कार्डांचा गठ्ठा दोऱ्याने बांधला आणि निजामच्या हातात दिला. "तुम्ही खरं बोलता असं मी धरून चालतो," तो म्हणाला, "पण उद्या दुसऱ्या कुणी विचारलं तर मी दाखवू काय?"

गुरुवारी सहा वाजता रेकॉर्डी लागल्या. त्यांचंही पुढे फार दिवस चाललं नाही. आषाढात शेठने परवाना परत केला, माडीवरच्या गोधड्या काढल्या आणि तिथे पंख्यांची खोकी रचली. पण ते नंतरचं. त्या गुरुवारी निजाम कारखान्यातून सुटल्यावर घरी गेला, फडकं सोडलं आणि पुन्हा गप्प झाला. जहिदाने खूप प्रयत्न केले. रागावली, रडली, पुंजाने सांगितलेली कांद्याची गोष्ट स्वतः सांगून पाहिली. शेवटी म्हणाली, "या अल्ला, कार्यक्रम बंद झालाय, तुमची जीभ नाही झाली!"

पुढच्या सोमवारी पुंजाच कारखान्याच्या दारात हजर झाला. "आवो, त्या बोलत्या डब्याचं काय नडलंय? तुमीच या. रानी पान्यात उभी हाय, गाव येडं झालंय. म्होरचं तिथंच सांगा."

निजाम त्याच्याकडे पाहत राहिला. इतकं सोपं आपल्याला कसं सुचलं नाही! माणसं तीच, गोष्ट तीच, आवाज तोच. मध्ये शेठ कशाला हवा? गुरुवारी रजा काढून दुपारीच त्याने करवंट्या आणि पत्रा पिशवीत घातला. जहिदाने त्याचा धुतलेला कुडता काढून दिला आणि त्याच्या कानामागे अत्तराचं बोट लावलं. तिलाही आशा वाटली होती.

चावडी भरली होती. कर्ण्याखाली घोंगडी अंथरून त्याच्यासाठी जागा केलेली. निजाम उभा राहिला आणि मेघवतीला त्याने कमरेइतक्या पाण्यातून पुढे आणलं. पण यंत्र कुणासाठी थांबत नसे. माणसाला मात्र थांबवता येतं. "भाऊ, जरा दम धरा, सून येतिया," कुणी म्हणालं. तो थांबला. "मगासचं पुना सांगा." त्याने सांगितलं. कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला, कुणी विचारलं की चहा घेणार का. मागून आवाज आला, "ऐकू येत नाय." कर्णा त्याचा आवाज चावडीबाहेरच्या पारापर्यंत नेत असे, चार वर्षं तपकिरीच्या धुरळ्यात गेलेली छाती तो चार रांगांपुढे नेईना. तो ओरडू लागला आणि ओरडल्यावर राणीचा आवाज बाजारात भांडणाऱ्या बाईसारखा येऊ लागला. त्याने करवंट्या वाजवल्या. पोरं त्याच्या हातांकडे बोट दाखवून खिदळली. मागची दोनचार माणसं उठून गेली, मग आणखी सात-आठ, अगदी हळूच, त्याला वाईट वाटू नये अशा बेताने.

तो थांबला. पुढे बसलेल्या कुसाबाईला त्याने विचारलं, "काय चुकतंय, बाई? गोष्ट तर तीच आहे."

म्हातारी कळवळली. तिला खोटं बोलता येत नव्हतं. "तुमचं काय बी चुकत नाय, भाऊ. पन तुमी म्होरं उभं हायसा, तर तुमीच दिसता. त्या डब्यात तुमी नव्हता दिसत, तवा रानी दिसायची." आणि मग, त्याचं तोंड पाहून घाईघाईने, "असं करा, त्या खोलीत जाता का? दार लावून घ्या. आतून सांगा. आमी हितंच बसतो."

चावडीच्या मागे सारादप्तराची एक कोंदट खोली होती. निजाम आत गेला. पुंजाने बाहेरून दार ओढून घेतलं. अंधार झाला तसं निजामला बरं वाटलं. अंधार त्याला सवयीचा होता. त्याने डोळे मिटले आणि सगळं पणाला लावून सांगितलं. पाणी गळ्यापर्यंत चढलं. राणीने टोपली डोक्यावर धरली. लंगडा घोडेस्वार काठावर आला, त्याने बाण रोखला आणि खाली केला. एकलहऱ्याच्या त्या कार्डाचा मान निजामने ठेवला. राणीचे पाय पलीकडच्या वाळूला लागले. लेकरू रडलं, म्हणजे जिवंत होतं. इतकं चांगलं आपण तंबूतही कधी सांगितलं नव्हतं असं त्याला वाटलं, आणि ते खरंही असेल. घामाने भिजलेला तो दाराशी आला आणि त्याने दार उघडलं.

चावडी रिकामी होती. घोंगडीची घडी करून ठेवलेली. पुंजा बाहेर अंगणात कुणाची तरी सुटलेली म्हैस वळवत होता. दाराच्या फळीला कान लावून एकटी कुसाबाई बसली होती, आणि दार उघडल्यामुळे तोल सावरत ती उठली.

"येक अक्षर ऐकू नाय आलं, भाऊ," ती म्हणाली. "लय कान दिला. दार लय जाड हाय. येवढं सांगा मला, पोचली का ती पल्याड?"

निजाम करवंट्या पिशवीत भरत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "बुडाली."